किटवाले सर आणि ठोकळेवाले अण्णा

पार्लरात दिवसभर कापलेले केस संध्याकाळी झाडून काढले की फरशी लख्ख होते. किस्स्यांचं तसं न्हाय. ते कोपऱ्याकोपऱ्यात साठतच राहतेत. आमच्या रविवारच्या बैठकीचे तर इतके साठलेत, की एखादी बाई फेसपॅक लावून पडली की मी एक सुरू करते, अन् पॅक वाळायच्या आत हसून हसून त्याला तडे जातेत. परत लावावा लागतो, नुकसान माझंच!

धाराशिवात माझं ब्युटी पार्लर हाय. रविवारी दुपारी मी जरा वेळ पाटी उलटी करते, अन् तीन बाप्ये आत येऊन गाड्या बनवतेत. खऱ्या न्हाय, टेबलावर मावणाऱ्या. माझ्याकडं लाइट झकास, खुर्च्या मऊ, आणखी काय पाहिजे?

कदम सर शाळेत गणित शिकवतेत. हे किटवाले. म्हणजे गाडीचे प्लॅस्टिकचे सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. एका गाडीला महिना महिना. अण्णा एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले मेकॅनिक. हे ठोकळेवाले. ठोकळ्यावर ठोकळा खटकन बसवायचा अन् गाडी उभी करायची. इलियासभाईंचं गाड्या रंगवायचं गॅरेज हाय, ते दोन्ही पार्ट्यांत. चौथी मी! हेडलाइटच्या कडेची चंदेरी रेघ माझ्यासारखी जिल्ह्यात कुणी मारून दाखवावी.

भांडण एकच. माझ्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर सरांच्या गाड्या, खालच्या फळीवर अण्णांच्या. सर म्हणतेत, "वर मॉडेल, खाली खेळणी." अन् अण्णांचा जीव त्याच्यातच अडकलेला. "माझीबी मॉडेलच हाय. एक दिवस तुमच्या रांगेत लावून दाखवतो का न्हाय बघा!"

* * *

सर पहिल्यांदा आले तो दिवस मी विसरणार न्हाय. दारावर 'फक्त महिलांसाठी'ची पाटी. सर उंबऱ्याबाहेर अंग चोरून उभे. तिथनंच विचारलं, "ताई, नखं घासायची पट्टी मिळेल का?"

आतल्या बायकांनी दाराकडं माना वळवल्या.

"मॅडमसाठी पाहिजे का सर?"

"नाही, दरवाजासाठी."

अन् खिशातून हा एवढासा, करंगळीच्या नखाएवढा गाडीचा दरवाजा काढला! मी घेतला, पट्टी फिरवली, फुंकर मारली, दिला परत. सर दरवाजाकडं बघतेत अन् माझ्याकडं बघतेत. शेवटी म्हणाले, "ताई, तुम्ही रविवारी काय करता?"

आता हे काय बायकांसमोर विचारायचं असतं व्हय! त्यांनी एकमेकींकडं असं बघितलं, की त्याच संध्याकाळी सरांना तो दरवाजा घेऊन आमच्या घरी यावं लागलं. नवऱ्याला दाखवायला!

* * *

एकदा सरांच्या निळ्या गाडीच्या काचेवर बोटाचा ठसा उमटला. सरांनी मला न विचारता माझी नेलपेंट रिमूव्हरची बाटली उचलली. नेलपेंट निघतं तर ठसा निघंलच, असा हिशोब. मी "अवो सर!" म्हणेपर्यंत पुसूनबी झालं.

प्लॅस्टिकची काच ती! दुधासारखी पांढरीफटक झाली. आत ड्रायव्हरची सीट हाय का न्हाय, कळंना.

अण्णांनी चष्मा वर सरकवला, वाकून बघितलं अन् लई काळजीनं विचारलं, "काय सर, तुळजापूरच्या घाटात धुकं लागलं का?"

सर चिडले. अण्णांनी लगेच वर मीठ चोळलं, "माझी काच गेली तर मी दुसरी बसवतो. जी गाडी परत उघडता येत न्हाय ती गाडी कसली वो?"

* * *

पण अण्णांचीबी फजिती झालीच. त्यांनी पहिल्यांदा ठोकळ्यांची रेसची गाडी बनवली. पिवळीधमक, दिमाखदार. हात झटकले, चहा मागवला, अन् बघतेत तर पिशवीत चिमूटभर बारीक पुर्जे उरलेले.

अण्णांचा चेहरा उतरला. चहा राहिला बाजूला, सगळी गाडी उघडली! परत पुस्तकात बघून बघून जोडली. परत तेच पुर्जे उरले. परत उघडायला लागले, तेव्हा सर म्हणाले, "अहो, हरवतात म्हणून कंपनी बारके पुर्जे जादाच देते."

"आसं कुठं आसतंय का? ब्रेकचा आसला तर?"

"अण्णा, ह्या गाडीला ब्रेकच नाहीये!"

अण्णांनी सरांकडं असं बघितलं, जसं काय सरांनी शिवी दिली. "मग आसली गाडी म्या सोडायचीच न्हाय." अन् खरंच, ती पिवळी गाडी त्या दिवसापासून चाकाखाली खडा लावून उभी हाय.

* * *

सरांनी जुनी जीप बनवली होती. चिखल, धूळ, गंज सगळं रंगानं काढलेलं. त्यासाठी गंजलेला पत्रा बघायला गॅरेजात जाऊन बसायचे. इलियासभाई कपाळाला हात लावायचे, "लोकां गंज काढायला येतेत, अन् हमारे सर गंज लावायला!"

पण जीप अशी झाली होती की बघून धुळीनं शिंक यावी. सरांनी कौतुकानं घरी नेली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडं त्या दिवशी घरातली सगळी वाहनं धुऊन पुजतेत. वहिनींनी स्कूटी धुतली, पोरीची सायकल धुतली, अन् अंघोळीहून सर बाहेर आले तर दारात ओळीनं तिसरी जीप. साबण लावून, ब्रशनं घासून चकचकीत! वर हळदी-कुंकू, बॉनेटवर आख्खा झेंडू.

वहिनी म्हणाल्या, "एवढी घाण गाडी पुजत असतेत व्हय? निदान सणासुदीला तरी धुवत जावा की!"

सरांनी मुकाट्यानं नारळ फोडला.

* * *

आता सोलापूरचं सांगते.

लाल एसटीचं किट आम्हाला कुठं मिळालं न्हाय, ना ठोकळ्यांचा सेट. अण्णांनी मग चित्र न्हाय, पुस्तक न्हाय, नुसत्या डोक्यातनं एसटी उभी केली. मिळंल तिथनं लाल ठोकळे गोळा केले. एका बाजूला लाल रंग जरा फिक्का पडला, तर म्हणाले, "पत्रा बदललाय. कुठली एसटी एका रंगाची बघितलीय?" मागची शिडी, वरचा टप, उघडणारं दार. बस बघून इलियासभाई नुसतं "माशाल्ला" म्हणाले.

सोलापुरात मॉडेलवाल्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. आम्ही चौघं निघालो. अण्णांनी लग्नाकार्यातला सफारी घातला होता. एसटी मांडीवर, तामलवाडी गेली, सोलापूर जवळ आलं तरी कुणाला हात लावू दिला न्हाय. वाटंत मला हळूच म्हणाले, "आज सरांच्या रांगेत लागणार बघ."

दारात आयोजकांतला एक बिल्लेवाला उभा. सरांनी प्रदर्शनासाठी बनवलेली काळी गाडी त्यानं दोन्ही हातांनी घेतली अन् मोठ्या टेबलावर मधोमध ठेवली. मग अण्णांकडं वळला, "काका, ठोकळे बालविभागात. तिकडं, फुगे लावलेत तिथं. नातू कुठाय?"

"नातू न्हाय," अण्णा म्हणाले, "मीच हाय."

मी तोंड सोडलं! हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. तो आपला एकच, "ताई, नियम आहे. ठोकळे म्हणजे खेळणी." मी सरांकडं बघितलं. सर खाली बघत होते. ते तरी काय बोलणार, इतकी वर्षं हेच तर म्हणत आलेले!

अण्णा तिकडं चालत गेले. फुग्यांखालच्या बुटक्या टेबलावर एसटी ठेवली अन् लेकरांच्या खुर्चीत अवघडून बसले. सफारीची इस्त्री मोडली. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

इकडं परीक्षक आले. एकेक गाडी भिंगातनं बघत सरांच्या शेजारच्या गाडीपर्यंत पोचले. अन् सरांनी आपली काळी गाडी उचलली. हॉल ओलांडून चालायला लागले. बिल्लेवाला मागनं पळतोय, "सर, सर, तिकडं नंबर मिळणार नाही!"

सरांनी वळून बघितलं न्हाय. बुटक्या टेबलापाशी गुडघ्यावर बसले अन् गाडी बरोबर एसटीच्या पुढं ठेवली. इलियासभाईंनी माझा हात दाबला. माझा ऊर असा भरून आला, की माझ्या गावची माणसं हायेत ही, असं त्या हॉलमध्ये ओरडून सांगावं वाटलं.

अण्णांनी सरांकडं बघितलं. रुमाल काढला, नाक पुसलं, घसा खाकरला.

"सर," म्हणाले, "गाडी जरा कडंला घ्या. एसटीला रस्ता द्या."