ओला ताणा आणि आमचा बडग्या

"माईक इकडं दे बे!" म्हणत शंकरनं माह्या हातातून माईक हिसकला.

मी तवा नागपुरात महाल भागातल्या एका लाऊडस्पीकरवाल्याकडं ऑपरेटर होतो. माह्या गावी, कुहीच्या शाळेत मास्तरायच्या नकला करून मार खाल्ला होता, तेच गुण पाहून वामनभाऊनं, म्हणजे मालकानं, मले ठेवलं. हातगाडीवर बॅटरी, अ‍ॅम्प्लिफायर अन् दोन हॉर्न. त्या दिवशी शंकरच्या मंडळाचा बडग्या होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचा पुतळा, निघते. तिच्यासंगं बडग्ये. बडग्या म्हणजे वर्षभर छळणाऱ्या पीडेचा पुतळा. मिरवायचा, "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडायचं, अन् शेवटी जाळायचा.

आमच्या वाटेत रहीमचाचाचा ताणा पसरला होता. ताणा म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे. त्याले आधी खळ लावतात अन् सुकेपर्यंत कुंचा फिरवत राहतात. घरात जागा कुठली? म्हणून गल्लीत. हात थांबला की धागे चिकटले, ताणा गेला. कितीक दिवसाच्या झडीनंतर त्या सकाळी ऊन पडलं होतं. चाचा तरी काय करंल?

"बेटा, थोडा रुक जाओ. खळ गीली है," तो हात जोडून म्हणाला.

शंकर माईकवर गरजला, "आमची मिरवणूक अडवते! यायले सूत भेटते, आमाले काहून नाही?"

शंकरही विणकराचाच पोरगा. विणकरायले सूत वाटणाऱ्या सरकारी डेपोत सूत नव्हतं, घरचा माग बंद. चाचानं सूत कामठीच्या सोयऱ्याकडून उसनं आणलं होतं, पण हे कोण ऐकते? मागून देवाच्या नावाचा जयकारा सुरू झाला. चाचाच्या मोहल्ल्यातूनही नारा उठला. काही पोरायच्या हातात काठ्या दिसल्या. चाचाची सून कुंचा टाकून लेकराले घेऊन आत पळाली.

स्विच माह्या हाताखाली होता. मी बंद केला. शंकरचं तोंड हालते, आवाज नाही.

"बॅटरी बसली वाटते, दादा. द्या, पाहतो."

माईक हाती आला. आता काय बोलू? भाषण येत नव्हतं. येत होती ते नक्कल. नाक दाबलं अन् डेपोतल्या बाबूचा आवाज काढला, "सूत आलं नाही! उद्या या! अंगावर येऊ नका हो, माझं पान सांडलं!"

तिकडून कोणीतरी फसकन हासलं. "अरे, ये तो डेपो का बाबू!" इकडचेही हासले. डेपोच्या रांगेत दोन्हीकडचे उभे राहत होते. मी जोर धरला, "सुताची टंचाई..."

"घेऊन जा गे मारबत!" दोन्हीकडून आलं.

शंकर मात्र हासला नाही. तो ताण्याकडं सरकला. तेवढ्यात त्याचे वडील, तुळशीरामबुवा, पुढं झाले.

"आरे, मधात खळ वाळून राहिली!" त्यायनं पडलेला कुंचा उचलला.

"बाबा, तुम्ही त्यायच्या बाजूनं?"

"मी ताण्याच्या बाजूनं. धर ते टोक, गाढवा."

शंकरनं आधी बाह्या वर सारल्या. मंग त्यानं टोक धरलं. ताणा वाळेपर्यंत बडग्या गल्लीच्या तोंडाशी ताटकळला. पोरायनं त्याच्या कानावर पेन खोचला, बाबू तयार.

इन्स्पेक्टर घाम पुसत आला. "दंगा कुठे आहे?"

"साहेब, वाळून राहिला," मी म्हणालो.

वामनभाऊनं संध्याकाळी झापलं, "तुले हॉर्न वाजवाले धाडलं होतं का राज्य चालवाले?"

सूत पुढंही लवकर आलं नाही. लोक इचारतात, भांडण धर्मानं लागते का पोटानं? मले एवढंच दिसलं की हात रिकामे होते ते सुतापायी. पण रिकाम्या हातात काठी द्याले मोठं नाव लागते, अन् ते माईकवर फुकट भेटते. म्हणून मिरवणुकीत माईक कोणालेही देतो मी. स्विच देत नाही.