बत्तीस धारा

सुंद्राक्का म्हशीची धार काढताना डोळे मिटून घ्यायच्या. कपाळ चंद्रीच्या कुशीला टेकलेलं, डाव्या हातात ग्लास. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी रोज संध्याकाळी त्यांची म्हस उभी राहायची आणि गिऱ्हाइकाच्या समोर त्याच्याच ग्लासात दूध काढलं जायचं. "बघून काय ग्लास भरतोय व्हय?" त्या म्हणत. "आवाज ऐकायचा. भरत आला की दूध हळू बोलतंय."

मला मोजायची सवय. माझा ग्लास बत्तीस धारांत भरायचा; फार तर एखादी इकडेतिकडे. मोजता मोजता डोळ्यांवर गुंगी यायची, रिक्षांचे हॉर्न लांब जायचे आणि ती कोमट फेसाची सर तेवढी कानात राहायची.

एका संध्याकाळी सत्तेचाळीस लागल्या. धार बारीक येत होती, कपाळ कुशीला टेकलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, म्हस आटाय लागलीया. माझा विश्वास बसला नाही, हे त्यांना कळलं. ग्लास हातात देताना पुटपुटल्या, "चंद्रीनं मान झटकली, शिंग उजवीकडं छातीत बसलं. घरात बोलू नका, वैनी. सुरेश तिला बाजारात न्हेईल." सुरेश त्यांचा मुलगा. आधी एकदा चंद्रीनं त्याला पाडलं होतं, तेव्हाच त्यानं बजावलं होतं. दावणीला ती एकच म्हस उरली होती.

दोन महिन्यांनी आक्कांच्या उजव्या स्तनात गाठ लागली, आवळ्याएवढी, कडक. सुरेश दवाखान्यात बाहेर बसला, आत मी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधी मार लागला होता का? आक्का म्हणाल्या, "न्हाय."

मला राहवलं नाही. मी शिंगाचं सांगितलं; दिवस, बाजू आणि धारांचा आकडाही. बाई हसल्या नाहीत, लिहून घेतलं. म्हणाल्या, मारानंही अशी गाठ होते, पण दिसायला ती कॅन्सरसारखीच असते. तुकडा काढून तपासावाच लागेल.

रिपोर्टला आठ दिवस होते. ते आठ दिवस आक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. दूध मात्र देत होत्या. कपाळ पुन्हा कुशीला टेकलेलं असायचं आणि दोघी एकाच लयीत श्वास घेताहेत असं वाटायचं. माझा आकडा बाराच्या आसपास हरवायचा. मी तो शोधत नसे.

कॅन्सर नव्हता. मार बसलेल्या जागची चरबी मेली होती, तिचीच गाठ झाली होती. सावकाश विरेल, नाही विरली तरी भीती नाही, असं बाई म्हणाल्या.

"म्हंजे मी जित्ती आन् चरबी तेवढी मेली," आक्का म्हणाल्या. "आता तिचं सुतक किती दिवस धरायचं?" बाई हसल्या. मग आक्कांनी आवाज खाली आणून विचारलं, "म्हशीचं काय लिवलंय का त्यात?"

रिपोर्टात ते लिहिलेलं नव्हतं. बाहेर आल्यावर सुरेशनं मला विचारलं, "काकू, कशानं झालं हे?" मी आजवर कुणाला चुकीचा आकडा सांगितलेला नाही. "चरबी मेली, तिची गाठ झाली," मी म्हणाले. ते खरं होतं, आणि मी तिथेच थांबले. त्या संध्याकाळी माझा ग्लास काठाच्या वर भरला होता.

चंद्री पुढे चार वर्षं गल्लीत उभी राहिली आणि शेवटी गोठ्यातच गेली. आक्का त्यानंतरच्या उन्हाळ्यात, झोपेत. त्यांना शेवटची आंघोळ घालायला आम्ही तिघी होतो. डोळे मिटलेले, मान किंचित कलती, जणू समोर कूस आहे. पाणी ओतता ओतता माझा हात उजव्या बाजूला थांबला. गाठ होती, वाटाण्याएवढी.

"काय लागलं हो, काकू?" सुरेशच्या बायकोनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले, आणि तांब्या पुन्हा भरून घेतला.