यंत्राची उलटतपासणी

आंब्याचा मोसम आला की रत्नागिरीतलं ते प्रकरण हमखास आठवतं. मी तेव्हा निवृत्तीला टेकलेला पोलीस निरीक्षक होतो.

एका व्यापाऱ्याने फसवणुकीची तक्रार आणली. त्याच्या पॅकिंग केंद्रातल्या नव्या कॅमेरा-यंत्राने एका बागायतदार बाईंचा हापूस ‘बाहेरचा’, म्हणजे रत्नागिरीचा नसलेला, ठरवला होता. त्यातच निनावी फोन आला, बाईंच्या शेडवर परराज्यातला टेम्पो उतरलाय. गुन्हा दाखल झाला असता तर बाजारात बाईंचं नाव कायमचं गेलं असतं.

त्यांना ठाण्यात बोलावलं. त्या भडकल्याच. “सायब, कलमं माझ्या सासऱ्यानं लावलीत! टेम्पोत कागदाची कात्रणं होती. अवकाळीत पेंढा भिजला, मग आंबे कशात भरू?”

टेम्पोवाल्याचा जबाबही जुळला. उरला एकच साक्षीदार, यंत्र. ते बसवणाऱ्या इंजिनीयरला मी समोर बसवलं.

“सर, हे न्यूरल नेटवर्क आहे. त्याला हजारो फोटो दाखवतो. ते अंदाज करतं. चुकलं की आतल्या जोडण्यांचा जोर थोडा कमी-जास्त होतो. असं करत ते शिकतं.”

“पण ओळखतं काय बघून?”

“ते नेमकं सांगता येत नाही.”

असं म्हणणारा साक्षीदार मी कधी सहज सोडला नव्हता. यंत्राला शिकवताना दाखवलेले फोटो मागवले. इथले आंबे सगळे पेंढ्यात, बाहेरचे सगळे कागदात! सगळ्यांना घेऊन पॅकिंग केंद्रात गेलो. हवालदाराकरवी बाहेरचे आंबे आणून यंत्रापुढे पेंढ्यात ठेवले. यंत्र म्हणालं, रत्नागिरी हापूस. बाईंचे आंबे कागदात ठेवले की बाहेरचे, पेंढ्यात ठेवले की इथले. पठ्ठ्या आंब्याकडे बघतच नव्हता, आंब्याखालचं अंथरूण बघत होता. मला हसू आलं आणि संतापही.

इंजिनीयर ओशाळला. नवे फोटो दाखवून यंत्र सुधारतो म्हणाला.

“मशीनला परत शिकवाल ओ,” बाई म्हणाल्या, “माझ्या गिऱ्हायकांना कोण सांगणार?”

व्यापाऱ्याने तिथेच बसून एकेका गिऱ्हाइकाला फोन केले. शेवटचा फोन होईपर्यंत बाई हलल्या नाहीत.

अशी यंत्रं आता एक्स-रे तपासतात, गर्दीतले चेहरे शोधतात. कामाची आहेत, माझा राग नाही. पण नाव यंत्राने घेतलं तरी अटकेच्या कागदावर सही माणसाची असते. ती करण्याआधी यंत्राला विचारायलाच हवं, बाबा रे, तू हे काय बघून सांगतोस?