टोकमाय आणि शिकलेला उंदीर

वयाच्या पंधराव्या वर्षी मी एका मेलेल्या माणसाच्या हातचं काम कातरीनं कापून टाकलं आणि आळ उंदरावर घेतला. या दोहोंत मोठा मूर्खपणा कुठला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नातवंडं म्हणतात, आजी, उंदराचा. कारण उंदीर हजारावर धागे एका रेघेत, पट्टी लावल्यासारखे कापत नाही. मला हे तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा मला फक्त बोलणं सुचायचं, आणि तेही आधी.

ज्यांच्या घरी माग होता त्यांना सांगायला नको, पण अशी घरं आता उरली किती? म्हणून सांगते. लुगडं विणून झालं की विणकर ते कापून उतरवतो, पण सगळं कापत नाही. फणीच्या दातांतून आणि तिच्यामागच्या दोऱ्यांच्या फासांतून गेलेल्या धाग्यांची वीतभर टोकं तशीच लोंबत ठेवतो. नवा ताणा, म्हणजे उभ्या धाग्यांचा जुडगा, आला की त्याचा एकेक धागा जुन्या एकेका टोकाला पीळ देऊन जोडायचा आणि ओढून घ्यायचा. जुना नव्याला वाट दाखवतो. ती टोकं गेली, तर प्रत्येक धागा पुन्हा पहिल्यापासून ओवत बसा.

हे जोडण्याचं काम आमच्या घरी करायची ती टोकमाय. नात्यानं ती ह्यांची मोठमाय, म्हणजे थोरल्या काकांची बायको. ह्यांचे आईवडील लहानपणीच गेले, हिनंच ह्यांना वाढवलं, तेव्हा माझी सासू म्हणा, काही म्हणा, तीच. पीळ घसरू नये म्हणून बोटांना चुलीतली राख लावायची, त्यामुळे तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जन्मभर राखाडी राहिलं. पाण्याच्या गडव्यावर, मागाच्या खांबावर, आणि लाडात आली तर माझ्या गालावरही तिची दोन बोटं उमटलेली असत. मी ती पदरानं खसाखसा पुसायची. मला गोरी दिसायची हौस होती.

मी पारशिवनीची. वडील जातीनं विणकरच, पण मागाला रामराम ठोकून त्यांनी किराणा दुकान टाकलं होतं. त्यामुळे सक्करदऱ्याजवळच्या त्या घरात मी आले ती ‘आमच्या पारशिवनीले असं नसते’ हे एकच वाक्य घेऊन. माग मला येत नव्हता आणि मत सगळ्यावर होतं.

पहाटे गिरणीचा भोंगा झाला की टोकमाय ओट्यावर येऊन बसायची. डोळे मिटलेले, आणि दोन बोटं हवेत पीळ देत असल्यासारखी हलायची. बराच वेळ. मग ‘झालं’ म्हणून उठायची. एकदा मी विचारलं, “काय करून राहिल्या, माय?”

“आजचं बांधून घेते.”

“काय आजचं?”

“मन, वं. रातभरात सुटून जाते ते. सकाळी बांधलं नाही तं दिवसभर लोंबकळत रायते, मंग ज्याच्या त्याच्या पायात येते.”

विहिरीवर शेजारच्या गंगाबाईसमोर मी याची हुबेहूब नक्कल करायची. गंगाबाई हसायची नाही. मला वाटायचं, हिला विनोद कळत नाही.

ओट्यावरून उठली की टोकमाय मागाजवळ जायची, फणीवर हात ठेवायची आणि हळूच म्हणायची, “नारायणा, उठला का गा?” मग थोडं थांबायची, उत्तर आल्यासारखी मान हलवायची आणि चुलीकडे वळायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आत कोण पुरुष निजलाय म्हणून डोक्यावरचा पदर सावरला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, “तिचा पोरगा. साथीत गेला.” एवढंच. पुढे विचारायची सोय त्यांनी ठेवली नाही, आणि मला कळायची गरजही वाटली नाही. म्हातारं माणूस, डोकं फिरलं असेल, असं ठरवून मी मोकळी झाले.

तिचं एक बोलणं मला फार जाचायचं. ताण्यात एखादा धागा तुटलेला असला आणि आम्ही ‘कोणी तोडला’ म्हणून भांडायला लागलो की ती म्हणायची, “तोडला कोणं ते मंग पाहू. दिसला कोणाले? त्यानं बांधा.” म्हणजे ज्याला दिसेल त्याच्या गळ्यात काम! मी यावर उपाय काढला. गल्लीत खळ लावून ताणा वाळत पसरलेला असला की मी दुसरीकडे पाहत जायची. एक दिवस अशीच आकाशाकडे पाहत चालताना खळीच्या घमेल्यात पाय घातला. टोकमाय म्हणाली, “आता काय दिसलं वं, सूनबाई?”

पैशाबद्दलही तिचा एक हट्ट होता. लुगडं विकून ह्यांनी पैसे आणले की त्या दिवशी त्यातली एक पै खर्च करायची नाही. “पैसा येते त्या दिवशी डोकं आपलं नसते. उद्या पाहू.” मला सीताबर्डीच्या एका दुकानातल्या मखमली चपला हव्या होत्या. आमच्या गल्लीत बायका अनवाणी फिरायच्या, पण आमच्या पारशिवनीले असं नसते ना! मी रुसले, जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “अजून पायजे?” म्हटलं, पाहिजे. “मंग खरंच पायजे तुले,” म्हणाली, आणि ह्यांच्याकडून आणवल्या. गंमत अशी, की मला रडून मिळवायच्या होत्या. न भांडता मिळाल्यावर त्या मी चारदाही घातल्या नाहीत.

आता त्या दिवसाकडे येते. इतके दिवस टाळत आले, आताही चपलांवर आणखी पानभर लिहिता आलं असतं.

एका व्यापाऱ्याकडून लग्नाच्या लुगड्याचं काम आलं होतं, रेशीमकाठी. ते वेळेवर झालं असतं तर पुढचीही कामं आमच्याकडे आली असती. जुनं लुगडं उतरवून हे इतवारीच्या बाजारात गेले होते, टोकमाय गल्लीत नव्या ताण्याला खळ लावत होती. मी घरात एकटी. मागावर त्या मळकट, राखेनं भरलेल्या टोकांच्या झिपऱ्या लोंबत होत्या. मला वाटलं, नवं रेशीम येणार आणि ही घाण! माग स्वच्छ करून ठेवला तर दोघं म्हणतील, वा, काय पोरगी आणली. मी कातर घेतली. फणीच्या इकडून कापलं, फासांच्या तिकडून कापलं, उरलेसुरले बोटांनी ओढून काढले. फणी पुसली. झिपऱ्यांचा बोळा पाणी तापत होतं त्या चुलीत घातला. मग हातपाय धुऊन, कौतुकाची वाट पाहत दारात बसले.

टोकमाय आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती मागाजवळ गेली, रिकाम्या फणीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आंधळं माणूस ओळखीचं तोंड चाचपतं तसा. तेवढ्यात हे आले. “कोणं केलं हे?” असं ते ओरडले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “उंदरानं.”

चुलीवर पाणी खळखळत होतं. मग टोकमाय म्हणाली, “मोठा शिकलेला उंदीर दिसते गा. काप पाह्य कसा सरळ हाये.”

हे माझ्यावर धावले. “लग्नाचं काम गेलं! हातचा पैसा गेला!” तिनं हात आडवा घातला. “हातात आला नव्हता तो गेला कसा गा? मले दिसलं, मी बांधीन. तू तुही भाकर खा.” मग माझ्याकडे वळून तिनं हळू विचारलं, “टोकं कुठी हायेत?”

“चुलीत,” मी म्हटलं.

ती चुलीपाशी गेली आणि राख निवेपर्यंत बसून राहिली.

पुढचे आठ दिवस आम्ही दोघी मागाला समोरासमोर बसलो. मागून मी एकेक धागा द्यायचा, पुढून तिनं आकड्यानं ओढून घ्यायचा. धाग्यांच्या पलीकडे तिचं तोंड चिरफळ्या झाल्यासारखं दिसायचं. आठ दिवसांत ती मला एकच शब्द बोलली. “दे.” हजारावर वेळा. लग्नाचं काम त्या व्यापाऱ्यानं दुसऱ्याला दिलं.

मी काय कापलं होतं, ते मला गंगाबाईनं विहिरीवर सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी ती फणी नारायणानं एकेक धागा ओवून भरली होती. काम पुरं झालं आणि चौथ्या दिवशी त्याला ताप भरला. त्यानंतर त्या मागावर जो जो ताणा लागला, तो टोकमायनं नारायणाच्या धाग्यांना जोडला, मग त्या जोडलेल्यांना पुढचा, मग त्याला पुढचा. फणी जुनी झाली तरी बदलू दिली नाही. “त्याचा हात सुटला नव्हता अजून,” गंगाबाई म्हणाली. “रोज सकाळी हाक मारे ना ती? वेडी होती म्हणून नाही, बाई.”

माझी घागर तशीच विहिरीत राहिली.

त्यानंतर टोकमायनं नारायणाला हाक मारली नाही. ओट्यावर बसायची, बोटं हवेत हलायची, ‘झालं’ म्हणायची, आणि मागाजवळून न थांबता सरळ चुलीकडे जायची. पूर्वी ज्या हाकेला मी हसायची, तिची आता मी अंथरुणात कान देऊन वाट पाहू लागले. भोंगा व्हायचा, ओट्यावर कांकणं वाजायची, पावलं मागापर्यंत यायची आणि पुढे जायची. तेवढी जागा घरात रिकामी झाली. तिथून जाताना मी अंग चोरायची.

एकदा मला ते सोसवेना. ती न्हाणीत आहे असं समजून मी फणीवर हात ठेवला आणि तिच्याच आवाजात, ज्या आवाजाच्या नकलेची मला फार सवय होती, म्हटलं, “नारायणा, उठला का गा?” आणि मागे पाहिलं तर ती दारात. मला वाटलं, आता मारेल. तिनं माझा हात फणीवरून उचलला, आपल्या हातात धरून ठेवला आणि म्हणाली, “त्याले आता ऐकू नाही येत, वं.”

नवा ताणा जोडायची वेळ आली तेव्हा मी नेहमीसारखी वाटीत राख घेऊन गेले. तिनं वाटी बाजूला सारली. कनवटीला खोचलेली एक पितळेची डबी काढली, उघडली, त्यातल्या बारीक राखेला दोन बोटं टेकवली आणि पहिला पीळ दिला. ती राख कसली होती, हे मी विचारलं नाही. पुढे ती त्याच डबीतली राख वापरायची, चिमूटही नाही, नुसतं बोट टेकवायची. मला जोडायला शिकवलं तेव्हाही डबी माझ्यापुढे केली. मी हात मागे घेतला. “भेते काहून?” म्हणाली. “आता तुह्याही हाताले लागू दे.” गालावर उमटलेली तिची बोटं पुसायचं मी तेव्हापासून सोडलं.

सात वर्षं आम्ही अशा राहिलो. ती मला खाऊ घालायची, माझं बाळंतपण तिनं केलं, माझ्या पोराला मांडीवर घेऊन त्याच्या नाकावर राखेचं बोट ओढायची. मी मात्र उंदराची गोष्ट सोडून तिच्याशी सगळं बोलले. मनाला समजावलं होतं, की तिला ठाऊकच आहे, मग बोलून काय करायचं? आपलं तोंड वाचवणारा विचार माणसाला किती शहाणा वाटतो!

मग माझा पोरगा तापानं फणफणला. तीन दिवस. चौथ्या दिवशी भोंग्याच्या सुमारास त्याच्या कपाळाला घाम येऊन ताप उतरला, त्यानं पाणी मागितलं, आणि मला नारायणाचा चौथा दिवस आठवला. मी तशीच उठून ओट्यावर गेले. टोकमाय नुकतीच येऊन बसली होती. डोळे अजून मिटायचे होते.

तो तिचा शेवटचा दिवस होता हे मला ठाऊक नव्हतं. दुपारी जेवून ती मागाच्या खांबाला टेकून बसली, ती बसलीच. डबी कनवटीला होती. ती आता माझ्याकडे आहे. माग गेला, घर गेलं, डबीत काही उरलेलं नाही, तरी मी ती घासू देत नाही. नातवंडं मला हल्ली ऐकवतात, की आजी, सुख आपल्या विचारांत असतं, एकदा विचार बदलला की झालं. मी हसते. कारण त्या सकाळी ती उठताना ‘झालं’ म्हणाली का, ते मला आठवत नाही. आत पोरगा रडला म्हणून मी धावले होते. पुष्कळदा आठवून पाहते. कधी ऐकू आल्यासारखं वाटतं, कधी नाही.

त्या सकाळी ओट्यावर मी तिच्या पायाशी बसले आणि म्हटलं, “माय, तो उंदीर मीच होते. मले माफ करा.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. हसली असावी, अंधुक होतं अजून. मग म्हणाली:

“माफ तं तुले मी त्याच दिवशी केलं, पोरी. पण ते एकदा करून भागत नाही, वं. रोज सकाळी नव्यानं बांधा लागते. आजचं बांधलं नाही अजून. बस जराशी.”