आमच्या डेकवरचा इटालियन पेशंट

आमच्या दारात ॲम्ब्युलन्स आली, तेव्हा मी ठणठणीत होतो. तसं मी त्यांना सांगितलंही. पण छातीवर हात ठेवून आडवा पडलेला माणूस काय सांगतोय, याकडे अमेरिकेत कोणी लक्ष देत नाही.

झालं असं, की आमची मुलगी मिहिका इटलीत डॉक्टरकी शिकते. सरकारी युनिव्हर्सिटीत, आणि तेही इंग्लिशमधून. हे मी आमच्या मॉरिसव्हिल गावातल्या प्रत्येक मराठी घरी, घरोघरचे पदार्थ आणून जेवायच्या प्रत्येक पॉटलकला, हातात प्लेट धरून समजावलेलं आहे. ("इटलीत? मेडिसिन? इंग्लिशमध्ये?" या तीन प्रश्नांत माझी भजी कायम गार होतात.) इथे आधी कॉलेज, मग मेडिकल. तिथे बारावी झाली की थेट मेडिकल, म्हणून ती गेली. प्रोफेसर इंग्लिशमध्ये शिकवतात, पुस्तकं इंग्लिश, पेपर इंग्लिश. फक्त पेशंट तेवढे इटालियनमध्ये आजारी पडतात!

हे संकट वॉर्डात जायची वेळ आली तेव्हा उभं राहिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगी घरी आली ती रडकुंडीलाच.

"बाबा, सप्टेंबरमध्ये प्रोफेसरसमोर पेशंटशी बोलायचंय. आय जस्ट फ्रीझ! फेल झाले तर वॉर्डमध्ये घेणारच नाहीत."

"मग प्रॅक्टिस कर की!"

"कोणावर?"

"बाबावर कर," माझी बायको वैशाली म्हणाली. "नाहीतरी ऑफिसमधून आला की पेशंटसारखाच पडलेला असतो."

(खरं आहे. दिवसभर मीटिंगमध्ये माना डोलावून माणसाचं दुसरं काय होणार?)

तेव्हापासून मी रोज आजारी पडू लागलो. सोमवारी किडनी स्टोन, मंगळवारी अपेंडिक्स. मिहिकाने शिकवलेली वाक्यं मी घोकायचो, ती प्रश्न विचारायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच अडायची. मग इंग्लिश, मग रडणं. मला वाटलं, दोष माझ्या अभिनयात आहे. पेशंटच खोटा वाटतोय, तर डॉक्टर काय बोलणार! (मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात मला आजवर 'साहेब, चहा' यापलीकडे वाक्य मिळालेलं नाही. ती सगळी साचलेली भूक होती.)

महिनाभर असं आजारी पडून झाल्यावर एका शनिवारी मी हार्ट अटॅक घ्यायचं ठरवलं. घरामागच्या लाकडी डेकवर, मोकळ्या हवेत. "आयुतो! मी फा माले इल पेत्तो!" म्हणजे 'वाचवा, छातीत दुखतंय!' असं बोंबलत मी छाती धरून खुर्चीसकट कोसळलो.

"वॉव बाबा!" मिहिका म्हणाली.

कुंपणापलीकडे झाडांना पाणी घालणाऱ्या लिंडाबाईंना इटालियन येत नव्हतं, पण छाती कळली. त्यांनी ताबडतोब ९११ला फोन लावला.

"आय ॲम ॲक्टिंग!" मी ॲम्ब्युलन्सवाल्यांना कळवळून सांगत होतो.

"शुअर, सर," म्हणत एका धिप्पाड पोराने माझ्या दंडाला बीपीचा पट्टा आवळला. आकडा पाहिला. पुन्हा आवळला.

"सर, धिस पार्ट इज नॉट ॲक्टिंग."

बीपी खरोखरच चढलं होतं! मला उचलून हॉस्पिटलात नेलं. मागच्या गाडीतून वैशाली आणि मिहिका. लिंडाबाई फाटकात उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

इमर्जन्सीतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मीठ जास्त खाता? तळलेलं, लोणचं?"

"नेव्हर! माय वाइफ कुक्स विदाऊट सॉल्ट." शेजारी वैशालीने अभिमानाने मान हलवली.

मिहिकाने माझ्याकडे रोखून पाहिलं. स्टूल पुढे ओढलं आणि चक्क इटालियनमध्ये, अहो-जाहो करून विचारलं, "खरं सांगा, काय खाता?"

मी विचार केला, वैशालीला कुठे कळतंय! आणि मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सगळं ओकून टाकलं. गॅरेजमध्ये आंब्याच्या लोणच्याची बरणी दडवलेली आहे, ऑफिसमधून आलो की गाडी बंद करून आधी दोन फोडी खातो, मगच घरात शिरतो. कधीपासून? रोज? डोकं दुखतं का? चक्कर येते का? पोरगी थांबेचना! एकदाही अडली नाही, एकदाही इंग्लिशकडे वळली नाही. माझा ऊर भरून आला. एवढे खोटे आजार काढून जे जमलं नाही, ते एका खऱ्या आजाराने करून दाखवलं होतं.

डोळे पुसत मी वैशालीकडे वळलो.

"गॅरेजमध्ये नक्की कुठे?" तिने विचारलं.

इतके दिवस आमच्या तालमी स्वयंपाकाच्या ओट्याशेजारीच चालल्या होत्या. पोळ्या लाटता लाटता बाई माझ्यापेक्षा चांगलं इटालियन शिकली होती.

सप्टेंबरात मिहिकाचा फोन आला. "बाबा, पास! प्रोफेसर म्हणाले, खोटं बोलणाऱ्या पेशंटकडून खरं काढून घेण्यात आय ॲम द बेस्ट!"

मी तो आनंद आळणी दुधीबरोबर साजरा केला. कारण चोरून मीठ मागायला या घरात माझ्याकडे आता एकही भाषा शिल्लक नाही!