सिवचा संशय आणि हल्वार्डचे सात टक्के

नॉर्वेतल्या त्रोन्हाइमच्या विद्यापीठात प्रोसेसरचा वेग मोजायची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सिव ओप्सालचा जगात कशावरच विश्वास नव्हता. दुकानातून ब्राऊन चीज आणलं तरी बाई ते आधी काट्यावर ठेवणार. नवरा म्हणे, "अगं, वजन छापलंय की वर!" ती म्हणे, "छापणाऱ्याने मोजलंय कशावरून?"

पूर्वी प्रोसेसर वर्षागणिक आपसूक वेगवान होत. ते दिवस सरले. आता एआयसाठी वेगळ्या चिपा घडवायच्या की आहे त्याच प्रोसेसरला आणखी पिळायचं, यावरून विभागात जेवणाच्या टेबलावरही हमरीतुमरी चाले. सिवच्या मते दोन्हीकडचे आकडे फुगवलेले होते. निम्म्या वेळा तिचंच खरं निघे, आणि त्यानेच ती शेफारली होती.

त्यात हल्वार्ड या संशोधक विद्यार्थ्याने वेगात सात टक्के वाढ आणली. प्रोग्रामला पुढे लागणारा डेटा आधीच मागवून ठेवायची त्याची युक्ती होती. त्याचं पीएचडीचं शेवटचं वर्ष. शोधनिबंध परिषदेला गेला नाही तर पदवी लटकणार. सिवने त्याच यंत्रावर तोच प्रोग्राम आपल्या लॉगिनवरून चालवला. फायदा शून्य.

"तुझे सात टक्के कुठे गेले रे?"

"माझ्याकडे रोज येतात."

"तुझ्याकडेच बरे येतात!"

हल्वार्डची कानशिलं लाल झाली. सिवला ती कबुलीच वाटली. तिने तडक विभागप्रमुखांना सांगितलं, पोरगा आकड्यांत हातचलाखी करतोय. निबंध अडकला.

पण संशयाची खोड स्वतःलाही सोडत नाही. आपलं शून्य तरी खरं कशावरून? तिने यंत्र तपासलं, वायरी तपासल्या, मग हल्वार्डच्या लॉगिनवरून प्रोग्राम चालवला. सात टक्के! तिने खोट्या नावांची लॉगिनं उघडली. नाव लांबवलं की वेग चढे, आणखी लांबवलं की पडे. प्रोग्राम सुरू होताना लॉगिनचं नावही मेमरीत जाऊन बसतं. जेवढं ते लांब, तेवढा बाकीचा डेटा सरकतो, कधी सोयीच्या जागी, कधी अडचणीच्या. तिचं नाव आखूड, त्याचं आडनावासकट भलंमोठं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. सगळ्या नावांची सरासरी काढल्यावर युक्तीचा फायदा उरला दोन टक्के. थोडा, पण खरा.

सिवला भयंकर लाज वाटली. आधी ती विभागप्रमुखांकडे गेली, मग जेवणाच्या खोलीत. हल्वार्ड एकटाच डबा उघडून बसला होता.

"सगळं सांगून आलेय मी. दोन टक्के लिही आणि निबंध पाठव. चूक माझी होती." तो पावाला लोणी लावत राहिला. ती चाचरत म्हणाली, "तुझ्यावर माझा विश्वास आहे, हल्वार्ड."

त्याने पावावरची नजर उचलली नाही.

"किती वेळा चालवून बघितल्यावर?"