देव्हाऱ्यातली वाळवी

मुरबाडहून वाळवीचं औषध मारायला आलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. अनोळखी माणसांशी बोलणं मला जमत नाही. आमच्या देवघरात पंखांचा खच पडला होता. आई म्हणत होती, "मुंग्यांना पंख फुटलेत, जातील." त्यानं एक किडा तळहातावर घेऊन तिला दाखवला.

"कंबर बघा, मावशी. मुंगीची बारीक असते, हिची नाय. चारी पंखपण सारखे. वाळवीच हाय."

आईनं देव्हाऱ्याकडे पाहिलं. आंब्याच्या फळ्यांचा तो देव्हारा बाबांनी स्वतः केलेला. ते गेल्यापासून ती मलाही त्याला हात लावू देत नव्हती. आता तो जाळावा लागणार, असंच तिला वाटलं.

त्यानं हात धुतले आणि कान लावून एकेक फळी बोटानं ठोकली. "पाठची फळी पोकळ झालीय, ती बदलू. बाकी ठणठणीत हाय. भिंतीतपण औषध सोडतो." मग तो मागे सरला. "देवांना तुमीच उठवा. सांगा त्यांना, दोन दिस पाटावर बसा, घराचं काम काढलंय."

आई कितीतरी दिवसांनी हसली. तिनं देव पाटावर ठेवले आणि देव्हारा उचलून त्याच्या हातात दिला. त्यानं तो मागितलाही नव्हता.